सेतू, स्तूप आणि सागर : च्वानचौ बंदरातील दानपरंपरा

बौद्ध धम्म चीनमध्ये कोणत्या मार्गाने गेला, असा प्रश्न विचारला की आपल्या डोळ्यांपुढे मध्य आशियातील वाळवंट, उंटांचे तांडे आणि तुनह्वांगची लेणी उभी राहतात. हे चित्र खरे आहे; परंतु ते पुरे नाही. ग्रंथ, मूर्ती आणि भिक्खू यांची मोठी ये-जा समुद्रमार्गानेही होत असे, आणि या मार्गाच्या पूर्व टोकाशी चीनच्या किनाऱ्यावरील काही बंदरे होती. त्यांपैकी फुजियान प्रांतातील च्वानचौ या बंदराचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिचय करून देताना एक प्रश्न आम्ही सतत डोळ्यांपुढे ठेवणार आहोत. विहारास मिळालेले दान शेवटी कोठे जावे? हा प्रश्न जुना आहे आणि आजही प्रत्येक विहारापुढे, प्रत्येक उपासकापुढे तो उभा असतो. च्वानचौच्या भिक्खूंनी व उपासकांनी त्याचे जे उत्तर दिले ते ग्रंथात नव्हे, दगडात लिहिलेले आहे. म्हणूनच ते आज हजार वर्षांनंतरही वाचता येते.

पांगाऱ्यांचे नगर

च्वानचौ हे नगर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, तैवानच्या सामुद्रधुनीलगत वसलेले आहे. जिन नदी आणि लोयांग नदी या दोन नद्या येथील उपसागरास मिळतात. मागे डोंगर, पुढे दंतुर किनारा आणि शेतीयोग्य जमीन बेताची, अशी या प्रदेशाची रचना असल्यामुळे येथील लोकांनी पूर्वीपासून समुद्राकडे तोंड केले. नगरास च्वानचौ हे नाव इ. स. ७११ मध्ये मिळाले. दहाव्या शतकात तटबंदीची पुनर्बांधणी झाली, तेव्हा तटाभोवती ‘त्सथोंग’ नावाची झाडे लावण्यात आली. हे झाड आपल्यास अपरिचित नाही. वसंतात पाने झडून तांबड्या फुलांनी पेटून उठणारा आपला पांगारा तो हाच. या झाडावरून परदेशी व्यापारी नगरास ‘झैतून’ म्हणू लागले. अरबी भाषेत झैतून म्हणजे ऑलिव्ह. चौदाव्या शतकात येथे आलेल्या इब्न बतूताने, या गावी ऑलिव्हचे एकही झाड नाही, हे केवळ नाव आहे, अशी नोंद आवर्जून करून ठेवली.

सुंग राजवटीने इ. स. १०८७ मध्ये येथे सागरी व्यापाराची कचेरी उघडली. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची नोंद, जकात आणि परवाने यांचा कारभार या कचेरीकडे असे. इ. स. ११२७ मध्ये उत्तर चीन हातचा गेल्यावर सुंग दरबार दक्षिणेस हांगचौला आला. खुष्कीचे मार्ग परक्यांच्या ताब्यात गेल्यामुळे राज्याचा भर सागरी व्यापारावर आला आणि च्वानचौचे भाग्य उजळले. पुढे युआन काळात मार्को पोलोने या बंदरात येणाऱ्या मिरीच्या जहाजांची तुलना अलेक्झांड्रियाशी केली, आणि तिकडे एक जहाज जाते तेव्हा येथे शंभर येतात, अशा अर्थाचे विधान केले. प्रवाशाच्या अतिशयोक्तीला वजा केले तरी बंदराचा विस्तार ध्यानात यावा.

इ. स. १९७४ मध्ये च्वानचौच्या उपसागरातील हौचू येथे चिखलातून एक सागरी जहाज उत्खननात मिळाले. ते इ. स. १२७० च्या दशकातील असावे असे मानले जाते. त्याचा उरलेला सांगाडा सुमारे २४ मीटर लांब व ९ मीटर रुंद असून आतील भाग आडव्या भिंतींनी तेरा कप्प्यांत विभागलेला आहे. एका कप्प्यात पाणी शिरले तरी जहाज बुडू नये, अशी ही योजना. त्यात दोन हजार किलोहून अधिक सुगंधी लाकूड, मिरी, कवड्या, ऊद, हिंगूळ आणि मालकांची नावे लिहिलेल्या लाकडी पट्ट्या मिळाल्या. या जहाजाचे प्रदर्शनगृह काइयुआन विहाराच्या आवारात उभारण्यात आले. व्यापाराचे जहाज आणि भिक्खूंचा विहार एकाच आवारात यावेत, हा योग या नगराचा इतिहास पाहता मोठा समर्पक म्हटला पाहिजे.

परमार्थ आणि प्रतिकूल वारा

च्वानचौ हे नावही नव्हते त्या काळात या प्रदेशाचा भारताशी संबंध आला तो एका थोर भाषांतरकारामुळे. आचार्य परमार्थ हे उज्जयिनीचे. त्यांचा जन्म इ. स. ४९९ चा. ल्यांग वंशाचा सम्राट वू हा धम्माचा मोठा आश्रयदाता होता. त्याच्या निमंत्रणावरून परमार्थ ग्रंथ घेऊन समुद्रमार्गाने इ. स. ५४६ मध्ये दक्षिण चीनमध्ये उतरले आणि इ. स. ५४८ मध्ये राजधानीत, म्हणजे आजच्या नानजिंग येथे पोहोचले. परंतु त्याच वर्षी हौ चिंग या सेनापतीने बंड केले. राजधानी उद्ध्वस्त झाली, पुढील वर्षी सम्राटाचाही अंत झाला. ज्या कार्यासाठी परमार्थांना बोलावले होते त्यासाठी ना आश्रयदाता उरला, ना शांत जागा. पुढील अनेक वर्षे ते गावोगावी भटकत राहिले आणि जेथे चार शिष्य व थोडे धान्य मिळेल तेथे भाषांतर करीत राहिले.

या भटकंतीत ते ल्यांगआन या बंदरी आले. बहुतेक अभ्यासकांच्या मते ल्यांगआन म्हणजे आजच्या च्वानचौ परिसरातील नानआन होय. येथून जहाज पकडून पश्चिमेस परत जावे असा त्यांचा बेत होता. स्थानिक अधिकाऱ्याने व लोकांनी त्यांना आग्रहाने थांबवून घेतले. या मुक्कामात, इ. स. ५६२ मध्ये, त्यांनी वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राचे चिनी भाषांतर केले. त्याच वर्षी ते अखेर जहाजात बसले. परंतु वारा उलटला आणि जहाज क्वांगचौच्या किनाऱ्याला लागले. मायदेशी जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. क्वांगचौला त्यांनी आचार्य असंगांचा महायानसंग्रह आणि आचार्य वसुबंधूंचा अभिधर्मकोश चिनी भाषेत आणला. इ. स. ५६९ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले.

नानआनजवळ ज्यूरी नावाचा डोंगर आहे. तेथील यानफू विहार या प्रदेशातील सर्वांत जुन्या विहारांत गणला जातो. डोंगरावरील एक शिळा ‘सूत्र भाषांतराची शिळा’ म्हणून दाखविली जाते आणि परमार्थांनी तिच्यावर बसून भाषांतर केले असे परंपरा सांगते. त्याच डोंगराच्या कड्यांवर इ. स. ११७४ ते १२६६ या काळातील दहा लेख कोरलेले आहेत. जहाजे निघण्याच्या व परतण्याच्या हंगामात सागरी कचेरीचे अधिकारी येथे येऊन स्थानिक देवतेपुढे अनुकूल वाऱ्यासाठी प्रार्थना करीत. त्या विधींची ही नोंद आहे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा जहाजांना दक्षिणेस नेई, उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्यांना परत आणी. ज्या डोंगराशी परमार्थांची आठवण जोडलेली आहे, तेथेच सहाशे वर्षांनी राज्याने वाऱ्याची आळवणी करावी, हा योगायोग वाचून मन थबकते. त्यांच्या वाट्याला आलेल्या प्रतिकूल वाऱ्यामुळेच चिनी जगास अभिधर्मकोश लाभला, हेही विसरता येत नाही.

भारतीय भिक्खूचे दान

परमार्थांनंतर सुमारे चार शतकांनी आणखी एक भारतीय भिक्खू या बंदरात उतरला. ही हकिकत चाओ रुग्वा या अधिकाऱ्याने इ. स. १२२५ मध्ये सिद्ध केलेल्या ‘चूफान ची’ या ग्रंथात येते. चाओ हा सुंग राजकुलातील असून च्वानचौच्या सागरी कचेरीचा प्रमुख होता. परदेशी व्यापाऱ्यांकडून माहिती गोळा करून त्याने अनेक देशांची वर्णने लिहिली. त्यांत मलबार, गुजरात आणि परमार्थांच्या माळव्याचेही वर्णन आहे.

चाओ लिहितो त्याचा आशय असा : इ. स. ९८४ ते ९८७ या काळात लो-हु-ना नावाचा एक भिक्खू समुद्रमार्गे आला आणि आपण भारतातील असल्याचे त्याने सांगितले. हे नाव राहुल असावे असे अभ्यासकांना वाटते. परदेशी व्यापाऱ्यांनी चढाओढीने सोने, रेशीम आणि रत्ने आणून त्याच्यापुढे ठेवली. त्याने त्यांतील काहीही स्वतःसाठी ठेवले नाही. त्या धनातून त्याने नगराच्या दक्षिण भागात एक मोकळी जागा विकत घेतली आणि तेथे विहार बांधला. चाओच्या काळीही तो विहार पाओलिन, म्हणजे ‘रत्नवन’, या नावाने उभा होता.

एवढीच ही नोंद आहे. परंतु तिच्यात विनयाचा एक मोठा नियम मूर्त झालेला दिसतो. दान नाकारून भिक्खूने दात्याचे मन मोडले नाही, आणि दान स्वीकारून तो धनिकही झाला नाही. धन त्याच्या हातातून वाहिले, हातात साचले नाही. कार्ले आणि कान्हेरी येथील लेख वाचलेल्या वाचकांस व्यापारी आणि संघ यांच्यातील हे नाते ओळखीचे वाटेल.

काइयुआन विहार

च्वानचौचा प्रमुख विहार काइयुआन हा इ. स. ६८६ मध्ये स्थापन झाला. येथे पूर्वी ह्वांग शौगोंग नावाच्या जमीनदाराची तुतीची बाग होती. तुतीच्या झाडांना कमळे आली आणि हे पाहून त्याने बाग संघास दिली, अशी आख्यायिका आहे. म्हणून विहाराचे पहिले नाव ‘पद्मविहार’ असे होते. इ. स. ७३८ मध्ये थांग सम्राट श्वानत्सोंग याने प्रत्येक प्रांतात काइयुआन नावाचा एक विहार असावा असा हुकूम काढला, तेव्हा याचे नाव बदलले. आवारातील एक अतिशय जुने तुतीचे झाड आजही दाखविले जाते. आख्यायिकेतील कमळे बाजूस ठेवली तरी कापडाच्या व्यापारावर जगणाऱ्या प्रदेशात तुतीची बाग देणे म्हणजे आपल्या मिळकतीचे मूळच देणे होते, हे लक्षात घ्यावे लागते.

विहाराच्या दोन बाजूंस दोन अष्टकोनी, पाच मजली दगडी स्तूप-मनोरे आहेत. पूर्वेचा सुमारे ४८ मीटर आणि पश्चिमेचा सुमारे ४४ मीटर उंच आहे. ते प्रथम नवव्या व दहाव्या शतकांत लाकडाचे होते. आगीने नष्ट झाल्यामुळे तेराव्या शतकात ते दगडात बांधण्यात आले, पश्चिमेचा इ. स. १२२८ ते १२३७ आणि पूर्वेचा इ. स. १२३८ ते १२५० या काळात. पूर्वेच्या मनोऱ्याचे काम पेनहोंग या भिक्खूने सुरू करून पहिला मजला उभा केला, फाछ्वान या भिक्खूने ते चौथ्या मजल्यापर्यंत नेले आणि थ्येनशी या भिक्खूने ते पूर्ण केले. ज्याने पाया घातला त्याच्या हातून कळस चढला नाही. दोन्ही मनोऱ्यांच्या प्रत्येक मजल्यावर बोधिसत्त्व, अर्हत, भिक्खू आणि रक्षकदेवता यांची शिल्पे आहेत. पूर्वेच्या मनोऱ्याच्या पीठावर तथागतांच्या जीवनातील प्रसंग व जातककथा कोरलेल्या आहेत. इ. स. १६०४ मध्ये या किनाऱ्याला फार मोठा भूकंप झाला. तरीही हे मनोरे ढळले नाहीत.

सेतुकारक

स्तूप आणि विहार बांधणे हे दानाचे परिचित रूप झाले. च्वानचौचे वैशिष्ट्य त्यापुढे आहे. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात, कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते असा प्रश्न एक देवता विचारते. उत्तरात तथागत ज्यांची नावे घेतात त्यांत उपवने व झाडे लावणारे, पाणपोई व विहिरी देणारे, निवारा देणारे यांच्याबरोबर सेतू बांधणारेही आहेत. चीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या सुमारास भाषांतरित झालेल्या एका सूत्रात सात पुण्यक्षेत्रे सांगितली आहेत : विहार व स्तूप, बागा व तलाव, रुग्णांस औषध, मजबूत नावा, दुर्बलांसाठी पूल, वाटसरूंसाठी विहिरी आणि सार्वजनिक शौचालये. पहिले क्षेत्र विहाराचे आहे. उरलेली सहा रस्त्यावरच्या माणसाची आहेत.

ही शिकवण च्वानचौच्या भिक्खूंनी अक्षरशः घेतली. नगराच्या ईशान्येस लोयांग नदी समुद्रास मिळते. (बौद्ध इतिहासातील श्वेताश्व विहारामुळे प्रसिद्ध असलेले लोयांग हे उत्तरेतील राजधानीचे नगर निराळे.) येथील तर वान-आन, म्हणजे ‘सर्वथा सुरक्षित’, या नावाने ओळखली जाई. भरतीचा जोर आणि वादळे यांमुळे नाव नेमकी तेथे उलटत असे. नाव आणि अनुभव यांत इतके अंतर होते. इ. स. १०५३ ते १०५९ या काळात येथे दगडी पूल बांधण्यात आला. त्या वेळी नगराचा प्रमुख अधिकारी प्रख्यात सुलेखनकार त्साई श्यांग हा होता. त्याने कोरवून घेतलेल्या छोट्या लेखात पुलाची लांबी ३६०० फूट (चिनी मापाने), पाण्याच्या वाटा ४७ आणि खर्च १ कोटी ४० लाख नाणी असल्याचे सांगितले आहे. हा पैसा दात्यांकडून मिळविला, असेही तो नमूद करतो. काम पाहणाऱ्या पंधरा जणांत यीबो आणि त्सोंगशान या भिक्खूंची नावे आहेत.

बांधणीची रीत मोठी कल्पक होती. नदीच्या तळाशी पुलाच्या रेषेत दगडांचा रुंद थर टाकण्यात आला आणि त्यावर खांब उभे केले. भरतीच्या वेगात दगड वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांवर कालवांची पैदास करण्यात आली. कालवे दगडास चिकटून वाढतात आणि एक दगड दुसऱ्यास सांधतात. चुना न वापरता समुद्राच्याच जिवांनी पाया बांधून काढला. मोठमोठ्या शिळा नावांवर ठेवून भरतीच्या वेळी खांबांवर नेण्यात येत आणि ओहोटी लागली की त्या आपोआप जागेवर बसत, असे सांगितले जाते. ज्या भरतीने माणसे बुडविली तिलाच कामाला लावले. पुलावर चंद्रप्रभ बोधिसत्त्वाचा एक छोटा स्तूपही आहे; रात्री पूल ओलांडणाऱ्यास याहून योग्य सोबत कोणती?

दुसरा पूल आनफिंग येथील. तो इ. स. ११३८ मध्ये सुरू झाला. त्सूपाय हा भिक्खू आणि ह्वांग हू हा धनिक यांनी कामास आरंभ केला. मध्ये ते रखडले आणि इ. स. ११५१ मध्ये नगराधिकारी चाओ लिंगचिन याच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. खाडी ओलांडणारा हा दगडी पूल दोन किलोमीटरहून लांब असून ‘पाच ली पूल’ या नावाने ओळखला जातो. मध्ये वाटसरूंना विसाव्यासाठी मंडप आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फुजियानमधील विहारांकडे त्या काळी मोठ्या जमिनी होत्या आणि त्यांचे उत्पन्नही मोठे होते. संपत्ती साचली की तिच्याबरोबर येणारे दोष येथेही आले असणार. पूल बांधण्यात व्यापाऱ्यांचा स्वार्थ होता. माल लवकर बंदरास पोहोचावा हे त्यांना हवेच होते. परंतु पुलाचे वैशिष्ट्य असे की तो बांधणाऱ्याचा हेतू विचारत नाही आणि ओलांडणाऱ्याची जातही विचारत नाही. सावकार, हमाल, मुसलमान व्यापारी, तमिळ वाणी, भिकारी, सर्वांना त्याने समान रीतीने पलीकडे नेले. दानाची ही अवस्था आम्हांस फार मोलाची वाटते.

बंदराचा अस्त आणि उरलेल्या शिळा

च्वानचौत अनेक धर्मांचे लोक राहत होते. इ. स. १००९ मध्ये स्थापन झालेली मशीद नगरात आहे. इ. स. १२८१ चा एक तमिळ शिलालेख येथे मिळाला. संबंध पेरुमाळ या व्यक्तीने खानाच्या कल्याणासाठी शिवाची प्रतिष्ठापना केल्याचे तो सांगतो, आणि त्याच्या शेवटी चिनी अक्षरांची ओळ आहे. ख्रिस्ती कबरींचे दगडही मोठ्या संख्येने मिळाले आहेत.

या सहवासाचा शेवट शांतपणे झाला नाही. इ. स. १२७६-७७ च्या सुमारास, सुंग राजवट कोसळत असताना, सागरी व्यापारावर हुकमत असलेला पू शौगंग हा मातब्बर मोंगोलांना मिळाला आणि नगरातील सुंग राजकुलाच्या माणसांची कत्तल झाली. इ. स. १३५७ ते १३६६ या काळात परदेशी सैनिकांच्या बंडाने सारा प्रदेश होरपळला. बंड मोडताना परदेशी वस्त्यांवर सूड घेण्यात आला. त्यानंतर आलेल्या मिंग राजवटीने खाजगी सागरी व्यापारावर बंदी घातली. गाळाने आणि बंदीने बंदर हळूहळू निस्तेज झाले. शिवमंदिर राहिले नाही.

परंतु त्याच्या शिळा राहिल्या. काइयुआन विहाराच्या मुख्य सभागृहाच्या मागील बाजूस सोळा पैलूंचे दोन स्तंभ आहेत. त्यांवर नरसिंह आणि कृष्णकथेतील प्रसंग कोरलेले आहेत. सभागृहापुढील चौथऱ्यास सत्तरहून अधिक शिल्पपट्टे बसविलेले असून त्यांवर सिंह व मनुष्यमुखी सिंह आहेत. पडलेल्या मंदिराचे हे अवशेष विहाराच्या जीर्णोद्धारात वापरले गेले. आम्ही यास सर्वधर्मसमभावाचा पुरावा म्हणून पुढे करीत नाही. चांगला घडीव दगड कोणताही गवंडी टाकून देत नाही. तरीही शिल्पे खरवडली गेली नाहीत, उलटी बसविली गेली नाहीत, हे खरे. नगराजवळच्या छेत्येन या गावी भारतीय शैलीची एक चतुर्भुज देवीमूर्ती गावकरी क्वानयिन, म्हणजे अवलोकितेश्वर, म्हणून पुजतात.

याहूनही आश्चर्यकारक उदाहरण त्साओआन या ठिकाणचे आहे. नगराच्या दक्षिणेस चिनच्यांग येथे डोंगरउतारावर हे छोटे दगडी मंदिर आहे. त्साओआन म्हणजे ‘गवती कुटी’. आत इ. स. १३३९ मध्ये कोरलेली मूर्ती आहे. ती बुद्धमूर्ती नाही. तिसऱ्या शतकातील इराणी धर्मसंस्थापक मानी याची आहे. खांद्यांवर रुळणारे केस, लांब दाढी आणि पाठीमागे किरणांचे वलय अशी ती आहे. मानीचा धर्म एके काळी रोमपासून चीनपर्यंत पसरला होता. आज त्याचे अनुयायी उरलेले नाहीत. परंतु चीनमध्ये मानीस ‘मानी प्रकाशबुद्ध’ असे नाव मिळाले होते आणि या नावाच्या आश्रयाने त्याची मूर्ती राहिली. गावकऱ्यांनी तिला बुद्ध समजून धूप-दीप दाखविला.

हे रक्षण म्हणावे की विस्मरण? आमच्या मते दोन्ही. मूर्ती राहिली, शिकवण गेली. बुद्धाच्या नावाने एका परक्या धर्माच्या शेवटच्या खुणेवर छत्र धरले, परंतु त्याच छत्राखाली तिचे स्वतःचे नाव झाकले गेले. ते नाव पुन्हा प्रकाशात आणण्यास अभ्यास लागला. वू वनल्यांग या च्वानचौच्या शिक्षकाने नगराचा जुना तट पाडला जात असताना त्यात चिणलेले कबरींचे व मंदिरांचे कोरीव दगड वर्षानुवर्षे गोळा केले आणि त्यांवरील ग्रंथ इ. स. १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. हा संग्रह त्यांनी स्वतःजवळ ठेवला नाही, लोकांसाठी दिला. इ. स. २०२१ मध्ये च्वानचौतील २२ स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यामागे अशा माणसांचे श्रम आहेत.

आचार्य होंग्यी

या परंपरेतील अलीकडचे नाव आचार्य होंग्यी यांचे. इ. स. १८८० मध्ये जन्मलेले होंग्यी पूर्वाश्रमी चित्रकार, संगीतकार, नट आणि शिक्षक म्हणून चीनभर नावाजलेले होते. इ. स. १९१८ मध्ये त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि पुढील आयुष्य विनयाच्या अभ्यासास व आचरणास वाहिले. शेवटच्या काळात त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने फुजियानच्या या दक्षिण भागात होते. त्साओआन येथेही ते राहिले आणि तेथे गंभीर आजारी पडले होते. १३ ऑक्टोबर १९४२ रोजी च्वानचौ येथे त्यांचे निधन झाले. नगराच्या उत्तरेस छिंगयुआन डोंगरावर त्यांचा स्तूप आहे.

अंत जवळ आला तेव्हा त्यांनी शिष्यांना एक सूचना दिली. आपला देह ज्यावर ठेवाल त्याच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेली भांडी ठेवा. नाहीतर वासाने मुंग्या वर चढतील आणि अग्नी देताना जळून मरतील. मोठा विहार नाही, मोठा पूल नाही. चार भांडी पाणी. परंतु लोयांग नदीवरील पूल आणि ही चार भांडी यांच्यामागील विचार एकच आहे. मार्गात कोण येणार आहे आणि त्यास कशाने इजा होईल, याचा विचार आधी करून ठेवणे.

उपसंहार

च्वानचौच्या बंदरातून किती सोने, किती मिरी, किती चंदन गेले, याची गणती आता कोणी करू शकत नाही. जे साठविले गेले ते लुटले गेले, जळाले किंवा गाळात रुतले. तेरा कप्प्यांच्या त्या जहाजातील माल त्याच्या मालकांना कधीच मिळाला नाही. त्यांच्या नावाच्या पट्ट्या मात्र सातशे वर्षे चिखलात राहिल्या. उलट, जे देऊन टाकले गेले ते राहिले : ह्वांग शौगोंगची बाग, तीन भिक्खूंचा मनोरा, त्साई श्यांगच्या लेखातील दात्यांचा पूल, परमार्थांचे भाषांतर. राहुलाचे नाव आपल्यापर्यंत आले ते त्याने स्वतःसाठी काही ठेवले नाही म्हणूनच.

सात पुण्यक्षेत्रांतील पहिले क्षेत्र विहाराचे आहे आणि ते पहिलेच राहावे. परंतु विहार बांधून झाल्यावर उरलेली सहा क्षेत्रे मोकळी पडलेली असतात, याचे स्मरण च्वानचौच्या भिक्खूंना होते. विहाराच्या दाराशी येणाऱ्या वाटेवर पाणी आहे काय, सावली आहे काय, आजाऱ्यास औषध आहे काय, आणि वाटेत खाडी असेल तर पलीकडे जाण्यास पूल आहे काय, हे त्यांनी पाहिले. तेवढे पाहणे हाच दानाच्या हिशेबाचा खरा ताळा होय, असे आम्हांस वाटते.